हिवाळा कडक असलेल्या शहरात घरावर सोलर: आधी डिसेंबरचा हिशेब

थंडीत सोलर चालत नाही हा गैरसमज आहे. उलट पॅनेलला गारवा मानवतो. पॅनेलमधल्या सेलचं (वीज तयार करणाऱ्या चकतीचं) तापमान एक अंशाने उतरलं की त्याची ताकद साधारण ०.३५ टक्क्याने वाढते. हिवाळ्यात वीज घटते ती दिवस आखूड असल्यामुळे आणि सूर्य खाली असल्यामुळे.

किती खाली? उत्तर गोलार्धात २१ डिसेंबरच्या भरदुपारची उंची काढायला ९० मधून अक्षांश आणि २३.५ वजा करा. ४५ अक्षांशावर उरतात २१.५ अंश, म्हणजे मीटरभर उंचीच्या धुराड्याची सावली अडीच मीटर पडते. दहा ते दोन या वेळात दक्षिणेकडे काय काय आडवं येतं ते छतावर उभं राहून बघा. पानं झडलेलं झाडसुद्धा मोजायचं.

४०० वॉटच्या पॅनेलला सुमारे २ चौरस मीटर जागा लागते. १६ पॅनेल बसली तर ६.४ किलोवॉट. छताचे अक्षांश-रेखांश, उतार आणि दिशा भरली की किती वीज मिळेल ते सांगणारी पीव्हीजीआयएस आणि पीव्हीवॉट्स ही ऑनलाइन साधनं फुकट वापरता येतात. उत्तर महिनावार वाचा, वर्षाच्या एका आकड्यावर जाऊ नका. डिसेंबरची युनिटं जूनच्या तिसऱ्या हिश्शावर, ढगाळ शहरात त्याहूनही खाली येऊ शकतात. शेजारची इमारत या साधनांना दिसत नाही, ती वजाबाकी आपली आपण करायची.

आता खरी गोम. थंडीत व्होल्टेज चढतं. पॅनेलमागच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता पॅनेल देतं ते सर्वाधिक व्होल्टेज) ३७ असेल, तर ते सेलचं तापमान २५ अंश असतानाचं असतं. उणे २५ ला फरक ५० अंशांचा. दर अंशाला ०.२७ टक्के धरले तर १३.५ टक्के वाढ, म्हणजे ४२ व्होल्ट. १६ पॅनेल एका माळेत (एकापुढे एक, म्हणजे व्होल्टेजची बेरीज होईल अशी) जोडली की कागदावर ५९२ व्होल्ट दिसतात आणि कमाल ६०० व्होल्ट झेपणाऱ्या इन्व्हर्टरला (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणाऱ्या यंत्राला) चालतीलसं वाटतं. कडाक्याच्या सकाळी पहिलं ऊन पडताच तिथे ६७२ होतात आणि इन्व्हर्टर जळू शकतो. आठ-आठच्या दोन माळा करा. हिशेबात शहराचं आजवरचं नीचांकी तापमान घ्या, सरासरी नको.

बॅटरी घेणार असाल तर ती घरातच ठेवा. लिथियमची बॅटरी शून्याखाली चार्ज केली की आतून कायमची खराब होते.

बर्फाचं म्हणाल तर १० अंशांच्या उतारावर तो ठाण मांडतो, ४५ च्या पुढे बहुतेक वेळा आपोआप घसरतो. काढायचाच तर जमिनीवरून, लांब दांड्याच्या फोमच्या खरवडणीने. धातूचं फावडं नको, गरम पाणी तर अजिबात नको, काच तडकते. आणि घसरणारा थर दारासमोर पडणार असेल, तर त्या कडेला बर्फ अडवणाऱ्या पट्ट्या आधीच बसवून घ्या.