पावसाळ्यानंतर दुर्बिणीच्या प्रिझमवरची बुरशी कशी काढावी

कोकणात पाऊस सरला की कपाटातल्या दुर्बिणी बाहेर निघतात आणि आत, चित्र सुलटे करणाऱ्या काचेच्या प्रिझमवर, कोळिष्टकासारखी बुरशी दिसते. ‘कडक उन्हात ठेवा’ हा सल्ला ऐकू नका. बुरशी मेली तरी तिची जाळी काचेवरच राहते. टूथपेस्ट सुचवणाऱ्याच्या हाती तर दुर्बीण देऊच नये.

नळ्या सरळसोट असतील तर आत रूफ प्रिझम आहेत. ती दुर्बीण उघडू नका, कारागिराकडे द्या. पुढची भिंगे डोळ्यांपेक्षा लांब-लांब असतील तर ती पोरो पद्धतीची. इग्नाझिओ पोरोने १८५४ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना घरी उघडता येते.

झाकण काढा. प्रिझम धरून ठेवणारी क्लिप सोडवण्यापूर्वी प्रत्येक प्रिझमच्या कडेने बैठकीवर बारीक रेघ मारा. प्रिझम कडांनीच धरा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कडांचा काळा रंग विरघळू देऊ नका. परावर्तन करणाऱ्या बाजूंना सहसा चांदीचा मुलामा नसतो: साध्या काचेत सुमारे ४१ अंशांपेक्षा तिरपा आलेला प्रकाश आतल्या आत पूर्ण परततो, आणि इथे तो ४५ अंशांनी येतो. तिथे बोटाचा तेलकट ठसा उमटला की प्रकाश गळतो.

खरी गोम परत बसवण्यात आहे. मीही इथेच बराच काळ अडलो होतो. दोन प्रिझम एकमेकांशी काटकोनात हवेत; एक जरा फिरला तर चित्र त्याच्या दुप्पट कलते. म्हणून बंद करण्याआधी किनाऱ्यावर जा. हर्णै असो की वेंगुर्ला, समुद्राच्या क्षितिजाइतकी सरळ रेघ तपासणीला दुसरी मिळायची नाही. मात्र मावळतीचा सूर्य समोर असताना हे करू नका, डोळा जाईल.

एकेका नळीतून बघा. क्षितिज कललेले दिसले तर क्लिप सैल करून प्रिझम खुणेवर आणा. ते झाल्याशिवाय प्रिझम किंचित कलवणाऱ्या बाहेरच्या बारीक स्क्रूंना हात लावायचा नाही. ‘स्क्रू थोडा फिरवून बघा’ म्हणणारे नेमकी हीच पायरी गाळतात, आणि मग कललेले चित्र जुळवण्यात दिवस जातो.

दोन्ही रेघा आडव्या झाल्या की दुर्बीण डोळ्यांपासून वीतभर लांब धरा. दोन वर्तुळांत क्षितिज एकाच उंचीवर हवे. वर-खाली फरक असेल तर आता स्क्रू, तोही अगदी किंचित. डोळे आडवा फरक थोडाफार सांभाळून घेतात, उभा नाही. डोके दुखू लागते.

झाकण लावा. पुढच्या पावसाळ्यात दुर्बीण चामडी पिशवीत नको, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा.