लग्नाचा सिझन सुरू व्हायच्या आधी गावात बालविवाह कसे रोखायचे

बालविवाह थांबवायचा म्हटलं की लोकांना मंडपात शिरलेले पोलीसच आठवतात, पण तोवर पत्रिका वाटून झालेल्या असतात, आचाऱ्याला इसार गेलेला असतो आणि मग कोणी कोणाचं ऐकत नाही. आपल्या नाशिक जिल्ह्यात तुळशीचं लग्न झालं की तारखा धरायला लागतात, दुसरा जोर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला), म्हणून कामाला दिवाळीच्या आधीच लागायचं.

आधी यादी करा. अंगणवाडी ताई, आशाताई आणि शाळेतले सर यांना घेऊन बसा आणि कोणती मुलगी शाळेत यायची बंद झालीय ते लिहून काढा (ही यादी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका प्लीज, पोरींची फुकट बदनामी होते).

मग घरी जायचं, पण रिकाम्या हाताने नाही. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात, कोणी ऊसतोडीला जातं, आणि वयात आलेली पोरगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची हा आईबापाचा खरा प्रश्न असतो, त्याला "कायद्याने गुन्हा आहे" हे उत्तर होऊच शकत नाही. आश्रमशाळा, हंगामी वसतिगृह, नाहीतर गावातच आजी-मावशीकडे सोय, यातलं काय जमतंय ते आधी बघून जा. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे पण शाळेच्या टायमाला बसच नसेल तर पास काय कामाचा, तेव्हा ग्रामसभेचा ठराव जोडून आगारात अर्ज द्या. "स्थळ चांगलंय, परत मिळायचं नाही" म्हणाले तर सरळ म्हणायचं, चांगलं असेल तर दोन वर्षं थांबेल की.

नवऱ्या मुलाच्या घरीही जा, हे बरेच जण विसरतात. मुलगी 18 आणि मुलगा 21 पूर्ण हवा, आणि 18 च्या वरच्या मुलाने अल्पवयीन मुलीशी लग्न केलं तर 2006 च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. लग्न लावणारेही त्यात सापडतात, म्हणून मंडपवाले, बँडवाले, भटजी यांना सांगून ठेवा की वयाचा पुरावा बघितल्याशिवाय ऑर्डर घ्यायची नाही. पुरावा म्हणजे शाळेचा नाहीतर जन्माचा दाखला, आधारवरच्या तारखेवर जाऊ नका.

गावातल्या पोरांची पण बैठक घ्या, क्रिकेट संपल्यावर मैदानातच. बसस्टॉपवर छेडछाड झाली की पोरीची शाळा सुटते आणि शाळा सुटली की घरच्यांना लग्नच सुचतं, हे त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. घरात पाणी भरणं, भांडी ही कामं बहिणीवरच का, हेही विचारा, आधी हसतात मग गप्प होतात.

एवढं करूनही तारीख ठरलीच तर 1098 ला (मुलांसाठीची हेल्पलाइन) फोन, चोवीस तास चालू असतो. गावात ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, त्यांना लेखी द्या. कोर्टाकडून मनाई हुकूम आणता येतो आणि तो मोडून लग्न लावलं तर ते लग्न कायद्याने रद्दच. "18 च्या आधी लग्न लावणार नाही" अशा आईबापाच्या नुसत्या हमीपत्रावर विसंबू नका हं, लोक सही करतात आणि आठवड्याने मामाच्या गावी जाऊन उरकून टाकतात, म्हणून मुलीला बालकल्याण समितीपुढे (अडचणीतल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) न्यायला लावा आणि ती 18 ची होईपर्यंत अधूनमधून घरी चक्कर मारत राहा. लग्न होऊनच गेलं असेल तरी सज्ञान झाल्यावर 2 वर्षांच्या आत तिला ते कोर्टातून रद्द करून घेता येतं, हे तिला एकटीला गाठून सांगा, सासूसमोर नको.