बटाटे हिरवे पडत होते, भर लावून थांबले

हिरवेपणाचं कारण ऊन. उघड्या पडलेल्या बटाट्यात हरितद्रव्याबरोबर विषारी सोलॅनिन वाढतं, आणि ते शिजवूनही जात नाही. मातीला भेगा असतील तर पाकोळीची (बटाट्यावरच्या पतंगाची) अळीही आत शिरते.

यावर उपाय भर, म्हणजे बुंध्याशी माती चढवणं. झाडं १५-२० सेंमी झाली की दोन्ही बाजूंनी ८-१० सेंमी भुसभुशीत, ओलसर माती चढवायची, शेंडा मोकळा ठेवून. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. वरंबा एकूण २०-२५ सेंमी पुरतो. चिखल कधीच चढवू नका, वाळून तडकतो. खुरपं बुंध्यापासून लांबच ठेवा, नाहीतर बटाटे धरणारे कोवळे फुटवे तुटतात. कळ्या दिसल्यावर तर हातच लावू नये.

उत्पादन दुप्पट होईल ही आशा मात्र नको. लागवड खोल असेल तर एकाच भरीवर भागतं.