आधी अंदाज, मग पाणी: तीन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत विज्ञान-तंत्रज्ञानाचे खेळ

या वयाच्या मुलांना घनता, घर्षण असे शब्द देण्याची घाई करू नका. वस्तूचं वजन आणि आकारमान या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरणं त्यांना अजून जमत नसतं. मात्र ‘काय होईल?’ याचा अंदाज बांधायचा, करून पाहायचं आणि अंदाज चुकला तर पुन्हा करून पाहायचं, हे त्यांना पूर्ण जमतं. म्हणून खालच्या प्रत्येक खेळात पहिली पायरी अंदाजाची आहे. प्रश्न विचारल्यावर मनात पाचपर्यंत आकडे मोजा आणि तोवर अजिबात बोलू नका. मोठ्यांना हेच सगळ्यांत अवघड जातं. पण उत्तर मोठ्यांनी सांगून टाकलं की मूल वस्तूकडे बघायचं सोडून आपल्या चेहऱ्याकडे बघू लागतं.

तरंगणं आणि बुडणं. पसरट टबात १० सेंटिमीटर पाणी घ्या. एका टबाभोवती चारच मुलं बसवा; जास्त झाली की मागच्यांना नुसतं बघत राहावं लागतं. वस्तू सहा-सातच असू द्या, पण विचार करून निवडा: जाड मेणबत्ती, गुळगुळीत खडा, लाकडी ठोकळा, स्टीलचा चमचा, प्लास्टिकचं मोठं झाकण, सुकं पान. ‘जड ते बुडतं’ असा बहुतेक मुलांचा समज असतो, म्हणून मेणबत्ती खड्यापेक्षा जड हवी. दोन्ही आधी हातात तोलायला द्या, मग पाण्यात सोडायला सांगा. जड मेणबत्ती तरंगते आणि हलका खडा बुडतो, तिथे खरा प्रश्न तयार होतो. स्पंज पहिल्या दिवशी ठेवू नका. तो आधी तरंगतो आणि पाणी पिऊन हळूहळू खाली जातो, त्यामुळे लहानांचा गोंधळ उडतो. दुसऱ्या दिवशी मात्र तो जरूर आणा.

यानंतर घ्या मातीची होडी. साधारण १०० ग्रॅम तेलकट मॉडेलिंग क्ले लागेल. साधी माती आणि मळलेली कणीक पाण्यात विरघळून चिकट होतात, ती चालत नाहीत. क्लेचा गोळा पाण्यात टाका, तो बुडेल. तोच गोळा पुसून, थापून वाटीसारखा करा: तळ ९ सेंटिमीटर रुंद, जाडी अर्ध्या सेंटिमीटरहून कमी, कडा अडीच सेंटिमीटर उंच. माती तेवढीच, पण पसरट आकार जास्त पाणी बाजूला सारतो, म्हणून ती आता तरंगते. मुलांची होडी बहुतेकदा दोन कारणांनी बुडते. तळ आणि कड जिथे जुळतात तिथे चीर राहते, किंवा एक बाजू जाड राहून होडी कलते. चीर बोटाने दाबून बुजवायची. जाड बाजू चिमटीत धरून पातळ करायची. हे मुलाला स्वतः शोधू द्या. होडी तरंगली की तिच्यात एकेक चमचा पाणी घालत मोजायचं, कितव्या चमच्याला बुडते ते. नाण्यांपेक्षा हा माल बरा, तोंडात घालायची भीती नाही.

उतार. ९० सेंटिमीटर लांबीची फळी, खाली पुस्तकं आणि एकच खेळण्यातली गाडी. उंची आधी १०, मग २०, मग ३० सेंटिमीटर. गाडी ढकलायची नाही, नुसती सोडायची. त्यासाठी वरच्या टोकाला रेघ मारा आणि गाडीपुढे पट्टी धरून ती झटकन उचला. गाडी जिथे थांबेल तिथपर्यंत कागदी पट्टी कापून भिंतीवर शेजारी शेजारी चिकटवली की मोजपट्टी न वापरताही तक्ता तयार होतो. चढ वाढला की गाडीचं नाक फळीच्या टोकाशी जमिनीवर आदळतं आणि मोठ्या उंचीवरून सुटूनही ती कमी जाते. तिथे पुठ्ठ्याचा तुकडा चिकटवून सांधा गुळगुळीत करा. फळीवर टॉवेल अंथरायचा असेल तेव्हा उंची बदलू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलली, तरच फरक कशामुळे पडला हे कळतं.

पडद्याविना कोडिंग, म्हणजे स्क्रीन न वापरता यंत्राला द्यायच्या सूचना क्रमाने मांडणं. जमिनीवर चिकटपट्टीने ४×४ चौकोन आखा, प्रत्येक ४० सेंटिमीटरचा. तीन प्रकारची कार्डं करा: एक घर पुढे, डावीकडे वळ, उजवीकडे वळ. एक मूल यंत्रमानव, दुसरं सूचना देणारं. सगळी कार्डं आधी ओळीने मांडायची आणि मगच चालायचं. एकेक सांगत गेलं तर आखणीचा भागच उरत नाही. सुरुवातीला चार-पाच कार्डं पुरेत. हमखास होणारी चूक म्हणजे ‘वळ’ म्हटल्यावर मूल वळून एक पाऊल पुढेही टाकतं. वळणं म्हणजे जागच्या जागी फिरणं, हे आधी वेगळं खेळून घ्या. डाव्या-उजव्याचा घोळ टाळायला मनगटांना दोन रंगांच्या फिती बांधा, कार्डांवर तेच रंग द्या आणि सूचना देणाऱ्याला यंत्रमानवाच्या मागे उभं करा. वाट चुकली तर ओळ मोडू नका. पहिल्या कार्डापासून बोट ठेवत चला आणि नेमकं कुठलं कार्ड चुकलं ते शोधून तेवढंच बदला. या खेळाचा गाभा हाच आहे.

टॉर्च आणि सावली यांना फारशी तयारी लागत नाही. अंधाऱ्या खोलीत हात टॉर्चजवळ नेला की सावली मोठी होते, भिंतीजवळ नेला की लहान.

सुरक्षेत तडजोड नको. टॉयलेट पेपरच्या रिकाम्या नळीतून जाईल अशी कुठलीही वस्तू खेळात नको. छोटी लोहचुंबकं आणि बटणासारख्या बॅटऱ्या मुलांच्या हाती लागता कामा नयेत: गिळलेली दोन चुंबकं आतड्याच्या भिंती मधे चिमटून भोक पाडू शकतात आणि घशात अडकलेली बटण-बॅटरी दोन तासांत अन्ननलिका जाळू शकते. टबाजवळ मोठं माणूस सतत हवं आणि खेळ संपताच पाणी ओतून द्यायचं.

एक खेळ १५ मिनिटं पुरे. दुसऱ्या दिवशी मुलांनी तोच मागितला तर तोच द्या, फक्त एक वस्तू बदलून.