टुणटुण यांचा स्मृतिकार्यक्रम मंडळात करताना

हिंदी पडद्यावरची पहिली विनोदी अभिनेत्री म्हणून ज्यांचं नाव घेतात त्या टुणटुण, म्हणजे उमादेवी खत्री. जन्म 11 जुलै 1923, निधन नोव्हेंबर 2003. त्यांच्या नावाने कार्यक्रम ठेवला की निवेदक पहिल्याच वाक्यात वजनावर घसरतो आणि पुढचा दीड तास त्यातच जातो. ते टाळायचं तर कार्यक्रमाची आखणीच वेगळी हवी.

आधी तारीख. जयंतीला बेळगावजवळच्या खानापूर भागात रोप लावणीची घाई असते, माणसं येत नाहीत. शिवाय पत्र्याच्या हॉलवर पाऊस कोसळायला लागला की संवाद ऐकूच येत नाहीत. म्हणून जुलैमधला कार्यक्रम शहरात, स्लॅबच्या हॉलमध्ये ठेवा. गावात करायचा तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा बरा, तोवर भाताची सुगी आवरत आलेली असते. 1 नोव्हेंबरच्या आसपास मात्र नको: कर्नाटक सरकारचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिन एकाच दिवशी, पोलीस बंदोबस्तात, तुमचा अर्ज तसाच पडून. स्पीकरसाठीचा अर्ज आठ दिवस आधी द्या. रात्री 10 नंतर उघड्यावर स्पीकर चालत नाही, तेव्हा 7 ला सुरू करून साडेआठला उठवा.

सुरुवात आवाजाने करा. हॉलमधले दिवे घालवा, पडदा कोरा ठेवा आणि 'अफसाना लिख रही हूं' पूर्ण वाजवा. चित्रपट 'दर्द', साल 1947, संगीत नौशाद यांचं, शब्द शकील बदायुनी यांचे. गाणं संपल्यावर दिवे लावायच्या आत विचारा: हा आवाज कुणाचा? तरुणांपैकी क्वचितच कुणी नाव सांगेल. उत्तर सांगून झाल्यावरच पहिला फोटो दाखवा. हा आवाज टुणटुण यांचाच. अभिनयाआधी त्या गायिका होत्या, पडद्यावर आल्या 1950 साली 'बाबुल'मध्ये. टुणटुण हे नावही तिथलंच. हाच क्रम ठेवा, उलटा केलात तर गाणं नुसती पुरवणी होऊन बसतं.

आता प्रोजेक्टर. इथे सगळ्यात जास्त गफलत होते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. त्या काळचे बहुतेक चित्रपट 4:3 (रुंदी 4, उंची 3) आकाराचे आहेत. प्रोजेक्टर 16:9 वर 'फुल'ला ठेवला की चित्र आडवं ताणलं जातं, माणूस एक तृतीयांशाने रुंद दिसतो. म्हणजे ज्या बाईंच्या अंगावरून विनोद करायचा नाही असं ठरवलंय, त्यांना मशीनच फुगवून दाखवतं! प्रोजेक्टरच्या मेनूत 4:3 निवडा. व्हीएलसी प्लेयरवर 'ए' की दाबत गेलात तर आकार बदलत जातो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले तर बरोबर. खात्री करायला दृश्यातली एखादी गोल वस्तू पाहा, ताटली, घड्याळ, गाडीचं चाक. ती गोलच दिसली पाहिजे.

क्लिप पाच-सहाच घ्या, प्रत्येकी दीड ते तीन मिनिटांच्या. गुरुदत्त यांचे 'आरपार' (1954) आणि 'मिस्टर अँड मिसेस 55' (1955) आधी चाळा. निवडताना बघायचं ते त्यांचं टायमिंग: समोरच्याचं वाक्य संपल्यावर त्या किती थांबतात, डोळे कधी फिरवतात, आवाज कुठे चढवतात. ज्या दृश्यात हसू फक्त त्या दारात अडकल्या किंवा खुर्ची मोडली म्हणून येतं, तसलं एकच ठेवा आणि निवेदकाने त्यावर स्पष्ट बोलावं. लेखकांनी त्यांना तेवढंच दिलं, हेही सांगायलाच हवं. यूट्यूबवरून थेट लावू नका, ऐन रंगात जाहिरात येते. सगळ्या क्लिप एकाच फाइलमध्ये, सारख्या आवाजात जोडा. मूळ प्रिंटचे आवाज कमीजास्त असतात आणि ऑपरेटर दर वेळी नॉब फिरवत बसतो.

तिकीट लावू नका. चित्रपटाचा हक्क (कॉपीराइट) प्रदर्शनानंतर 60 वर्षांनी संपतो, पण गीताचा गीतकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी. शकील गेले 1970 साली, म्हणजे 'अफसाना' अजून हक्कात आहे. हौशी मंडळाने पैसे न घेता गाणी म्हणायला कायद्यात मुभा आहे. दारात देणगीपेटीसुद्धा नको, उगाच शंका कशाला.

करंट जातोच. लॅपटॉप बॅटरीवर चालतो, प्रोजेक्टर चालत नाही. तो आणि अ‍ॅम्प्लिफायर इन्व्हर्टरवर घ्या, आदल्या दिवशी अर्धा तास चालवून बघा. माइक स्पीकरच्या पुढे आला की शिट्टी वाजते, निवेदकाला स्पीकरच्या मागे उभा करा.

शेवटची वीस मिनिटं जुन्या प्रेक्षकांना द्या. 'काही आठवतंय का?' असं मोघम विचारलंत तर आजी 'काय नाही की ओ' म्हणून बसून राहतात. बेळगावात ग्लोब टॉकीजला बघितलात की चित्रा टॉकीजला, कुणाबरोबर, बाईने पडद्यावर असं हसवलेलं घरच्यांना चाललं का, असं नेमकं विचारा. बोलणं रेकॉर्ड करायला मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकून हातभर अंतरावर धरा, पंखा बंद करा. फाइलला बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि तारीख त्याच रात्री द्या आणि त्यांची परवानगी घेऊन एक प्रत वाचनालयात ठेवा.