सोलापुरात संशोधनाला येताय? आधी पूर्वभागात चला

मी मूळची चिपळूणची. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगमध्ये संशोधन करायला सोलापुरात आले आणि इथलीच झाले. आमच्या गटात नवीन येणाऱ्यांना, मग ते नांदेडचे असोत की नाशिकचे, मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

राहायला जुळे सोलापूर हा भाग बघा. नळाला रोज पाणी येईलच असं नाही, म्हणून भाडं ठरवण्याआधी टाकी बघून घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, त्यामुळे बाहेरची कामं सकाळीच उरकायची. संक्रांतीच्या दिवसांत मात्र कुणाची वेळ मागू नका. तेव्हा सिद्धेश्वरांची यात्रा असते, नंदीध्वज निघतात. तुम्हीही लॅपटॉप मिटा आणि गड्ड्यावर, म्हणजे यात्रेच्या जत्रेला, जा.

आता कामाचं. आपला विषय पुनर्वापर, म्हणजे एकदा लिहिलेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या कामाला लावणं. 1968 मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या परिषदेत संगणकशास्त्रज्ञ डग मॅकिलरॉय यांनी आग्रह धरला होता की सॉफ्टवेअरचे सुटे भाग तयार मिळायला हवेत. आज ते ढिगाने मिळतात. इतके, की मार्च 2016 मध्ये एनपीएम या सुट्या भागांच्या ऑनलाइन भांडारातून ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा 11 ओळींचा भाग काढून घेतला गेला आणि जगभरातल्या कितीतरी प्रकल्पांचे बिल्ड (कोड जुळवून चालता प्रोग्रॅम तयार करणं) अडले. भाग मिळणं आता अवघड नाही. अवघड आहे ते तो भाग लिहिणाऱ्याने मनात काय धरलं होतं हे कळणं.

एरियन 5 चं उदाहरण प्रत्येकाने मुळापासून वाचावं, असा माझा हट्ट आहे. 4 जून 1996 रोजी हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात सुमारे 40 सेकंदांत नष्ट झालं. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतला कोड एरियन 4 मधून जसाच्या तसा उचललेला होता आणि तिथे तो बिनचूक चालत होता. पण एरियन 5 चा आडवा वेग कितीतरी जास्त. 64 बिटांची संख्या 16 बिटांत बसवताना ती मावली नाही, मुख्य आणि राखीव, दोन्ही यंत्रणा बंद पडल्या. तो कोड ज्या कामासाठी होता, त्या कामाची उड्डाणानंतर नव्या रॉकेटला गरजच नव्हती. चौकशी समितीचा अहवाल खुला आहे, पहिल्या आठवड्यात वाचून काढा.

मग पूर्वभागातल्या, म्हणजे शहराच्या पूर्वेकडच्या वस्तीतल्या, यंत्रमाग कारखान्यांत चला. चादरीच्या कारखान्यासाठी केलेला हिशेबाचा प्रोग्रॅम नग मोजतो. तोच टॉवेलवाल्याकडे नेला की टॉवेलवाला पहिल्यांदा वजन विचारतो. प्रोग्रॅममध्ये चूक काहीच नाही, पण ‘एकक म्हणजे नग’ हे कुठेही लिहिलेलं नसतं. असं गृहीतक शोधून कागदावर आणणं हेच आपलं संशोधन, आणि ते प्रयोगशाळेत बसून होत नाही. कारखानदाराच्या शेजारी बसा, तो वहीत आधी काय लिहितो ते बघा. माग चालू असताना बोलणं ऐकू येत नाही, म्हणून वेळ विचारूनच जा.

पूर्वभागात घरोघरी तेलुगू चालते. मराठी सगळ्यांना येते, पण हिशेबातली बारीक गोष्ट माणूस आपल्या भाषेत जास्त मोकळेपणाने सांगतो. तिथलाच एखादा विद्यार्थी सोबत घ्या, आणि त्याला नुसता दुभाषी समजू नका. प्रश्नावली त्याच्यासोबत बसून तयार करा, शोधनिबंधावर त्याचं नाव घाला. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी 1968 मध्येच लिहून ठेवलंय की संस्थेत माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तशीच तिच्या प्रणालीची रचना होते. गटात तेलुगू, कन्नड बोलणारं कुणी नसेल, तर त्या माणसांच्या गरजा आपल्या सॉफ्टवेअरमध्ये येणार कुठून?

गिटवर (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनावर) काम करताना प्रत्येक मोड्यूलसोबत, म्हणजे प्रोग्रॅमच्या प्रत्येक सुट्या भागासोबत, ‘गृहीतकं’ नावाची एक फाइल ठेवायची, ही आमच्याकडची सक्त रीत आहे. एकक कोणतं, आकड्याची कमाल मर्यादा किती, आठवडा कोणत्या वारी सुरू होतो, हे सगळं तिथे, साध्या मराठीत. परवान्याची फाइलही पहिल्याच दिवशी टाका. परवाना नसलेला कोड दुसऱ्याला कायद्याने वापरता येत नाही. कारखानदाराचे खरे आकडे आणि कामगारांची नावं मात्र रिपॉझिटरीत, म्हणजे गिटवरच्या कोडच्या साठ्यात, चुकूनही जाऊ देऊ नका. चाचणीसाठी बनावट आकडे तयार करा आणि ते त्या कारखानदाराला दाखवून, पटतात का ते विचारूनच पुढे जा.