आवाज बंद करून पाहावे: कर्णबधिर प्रेक्षकांसाठी कॅप्शन कसे तयार करावे

एक स्त्री खिडकीशी उभी राहून पत्र वाचत आहे. तिची पाठ दाराकडे आहे. एकाएकी ती दचकून मागे वळते. ऐकू येणाऱ्या प्रेक्षकाने जिन्यावरची पावले आधीच ऐकलेली असतात. कर्णबधिर प्रेक्षकाला मात्र ती उगीच दचकल्यासारखी वाटते, कारण या दृश्यात कोणी बोलत नाही आणि म्हणून पडद्यावर अक्षरही उमटत नाही. परभाषेतील चित्रपटासाठी केलेली सबटायटल्स आणि बधिरांसाठी केलेली कॅप्शन्स यांतला फरक इथे दिसतो. म्हणून संवादांची संहिता हाती घेण्याआधी प्रत्येक दृश्य एकदा आवाजासह आणि एकदा आवाज पूर्ण बंद करून पाहावे, आणि दुसऱ्या खेपेस जे जे निसटले त्याची वेळेसह नोंद करावी.

त्या नोंदींतले कथेला लागणारेच ध्वनी कंसात द्यावेत. वरच्या दृश्यात ती वळण्यापूर्वी ‘(जिन्यावर पावले)’ असे यायला हवे. पावले कोणाची हे कथेने लपवले असेल, तर ते कॅप्शननेही फोडू नये. नुसते ‘(संगीत)’ लिहिण्याने काहीच साधत नाही. ‘(दुरून सनई)’ किंवा ‘(संगीत अचानक थांबते)’ यातून प्रसंगाचा सूर कळतो. पंख्याची घरघर, रस्त्यावरची वर्दळ वगैरे कथेशी संबंध नसेल तर सोडून द्यावे.

संवाद तोडण्याचे काम सर्वांत नाजूक असते. मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात, त्यामुळे ‘त्या रात्री मी आत गेलो आणि त्याला मारलं, असं कधीच घडलं नाही’ हे वाक्य ‘मारलं’पाशी तोडून उरलेला भाग पुढच्या कॅप्शनमध्ये ढकलला, तर दोन सेकंद प्रेक्षकासमोर कबुलीजबाब उभा राहतो. असे वाक्य एकाच कॅप्शनच्या दोन ओळींत बसवावे. नटानेच तिथे मुद्दाम थांबा घेतला असेल, तर मात्र तोही तसाच पाळावा. शिव्या गाळू नयेत किंवा सौम्य करू नयेत. ओठ वाचणाऱ्या प्रेक्षकाच्या ते लगेच लक्षात येते, आणि त्याला ती लबाडी वाटते.

बोलणारा पडद्यावर दिसत नसेल तर त्याचे नाव आधी द्यावे. ‘येतो’ आणि ‘येते’ यांवरून पुरुष की स्त्री हे समजते खरे, पण खोलीत दोन बहिणी असतील किंवा वाक्य ‘मी सांगितलं’ असे असेल, तर क्रियापद मदतीला येत नाही.

एका वेळी दोनच ओळी असाव्यात, कॅप्शन साधारण एक ते सात सेकंद राहावे आणि शक्यतो दृश्य बदलण्याआधी निघून जावे. एका ओळीत ४२ अक्षरे ही रोमन लिपीसाठी प्रचलित असलेली मर्यादा देवनागरीला डोळे झाकून लावू नये, कारण सॉफ्टवेअर काना-मात्राही स्वतंत्र अक्षर म्हणून मोजते. प्रत्यक्ष रुंदी आणि न घाई करता वाचण्याचा वेळ पाहावा. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडणार नाहीत इतके अंतर ठेवावे. फाइल यूटीएफ-८ (देवनागरीसह सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारी संकेतपद्धती) मध्येच जतन करावी, नाहीतर काही यंत्रांवर मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात.

थेट प्रक्षेपणात कॅप्शन काही सेकंद मागे राहणारच. निवेदकाचे बोलणे ऐकून तेच स्पष्ट उच्चारात संगणकाला पुन्हा सांगणारी व्यक्ती नेमली असेल, तर विशेषनामांची यादी तिला आधी द्यावी, आणि पुनःप्रक्षेपणापूर्वी चुका दुरुस्त कराव्यात. ज्यांची पहिली भाषा सांकेतिक भाषा आहे, त्यांच्यासाठी मजकूर ही दुसरी भाषा असते. त्यांना दुभाष्या लागतो. त्याचे हात आणि चेहरा पूर्ण दिसावेत, कपडे साधे आणि त्वचेच्या रंगाहून वेगळे असावेत, आणि बातम्यांची सरकती पट्टी त्याच्या हातांवरून जाऊ नये.

चित्रपटगृहात दोन मार्ग असतात. कॅप्शन सर्वांना दिसेल असे पडद्यावरच दाखवता येते, किंवा खास चष्म्यावर अथवा आसनाशेजारच्या छोट्या पडद्यावर देता येते. मला पहिला मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, कारण चष्म्याची बॅटरी मध्येच संपते आणि ज्याला आधीच नंबरचा चष्मा आहे त्याला दोन चष्मे सांभाळावे लागतात. पण असे खेळ कामाच्या दिवशी भरदुपारी ठेवले, तर त्यांना कोणी येणार नाही. श्रवणयंत्र वापरणाऱ्यांसाठी इंडक्शन लूप, म्हणजे चित्रपटाचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोहोचवणारे तारेचे वेटोळे, बसवावा आणि तो चालू आहे का, हे प्रत्येक खेळाआधी तपासावे.

शेवटची तपासणी कर्णबधिर प्रेक्षकांकडूनच करून घ्यावी. त्यांना ‘आवडले का’ असे न विचारता, दृश्य थांबवून ‘आत्ता काय घडले’ असे विचारावे. खिडकीपाशी ती स्त्री का वळली हे त्यांना सांगता आले नाही, तर त्या वेळेच्या नोंदीपाशी परत जाऊन कंसातील मजकूर नव्याने लिहावा.